सम्राज्ञी, आई आणि हॉलचं स्वयंपाकघर

चीनच्या विधवा सम्राज्ञीशी माझी पहिली ओळख एका पत्रकात झाली. ते बाबांनी लिहिलेलं होतं. पुण्यात आमच्या बाहेरच्या खोलीत रविवारी त्यांचा अभ्यासगट बसायचा आणि झेरॉक्स करून आणलेल्या पत्रकांना घड्या घालायचं काम माझ्याकडे असायचं. वाचायला मी शाळेत शिकले, पण वाचून संतापायला त्या पत्रकांवर शिकले. साम्राज्यशाहीवरच्या एका पत्रकात या बाईला एक ओळ मिळाली होती: आरमाराचा पैसा स्वतःच्या बागेत घालणारी लोभी म्हातारी. बाकीचं पान तोफा, अफू आणि बंदरांना दिलेलं होतं. मला ती ओळ पुरेशी वाटली होती.

पुढे बाबांना सिडनीत नोकरी लागली आणि आम्ही तिघं इथे आलो. स्कोफिल्ड्सला घर झालं. खासगी मालमत्तेविरुद्ध आयुष्यभर लिहिणाऱ्या माणसाने हप्त्यावर घर घेतलं म्हणून जुने मित्र फोनवर चिडवायचे. बाबाही हसायचे. पत्रकांचे खोके गॅरेजमध्ये राहिले. मी युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला असताना बाबा गेले.

ही त्यानंतरची हकीकत आहे, आणि ती आईची आहे.

आमच्या भागातल्या मराठी मंडळाची सगळी मोठी कामं आई बाबा होते तेव्हापासूनच करत होती. गणपती, दिवाळी, संक्रांतीचं हळदीकुंकू. बाबा गेल्यावरच्या पहिल्या संक्रांतीलाही तिने नेहमीसारखी तयारी केली. पेंडल हिलच्या भारतीय दुकानातून तीळ आणि चिक्कीचा गूळ आणला, वाण म्हणून वाटायच्या स्टीलच्या डब्या आणल्या. आणि कार्यक्रमाच्या दिवशी ती सरळ हॉलच्या स्वयंपाकघरात गेली, ती शेवटपर्यंत बाहेर आली नाही. तिला कोणी आत जा म्हटलं नाही. बाहेर ये असंही कोणी म्हटलं नाही. आमचे लोक शिकलेले आहेत. डॉक्टर आहेत, आयटीवाले आहेत, प्राध्यापक आहेत. ते कोणाला दुखावत नाहीत. ज्याच्याबद्दल बोलायला हवं त्याबद्दल गप्प बसतात, एवढंच.

हॉल कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा. त्याच्या स्वयंपाकघराला हॉलच्या बाजूने एक लांब खिडकी आहे, खाणं पुढे सरकवायची. तिला लोखंडी शटर आहे. आई ते अर्धं खाली ओढून ठेवायची. बाहेरून तिचा चेहरा दिसायचा नाही. ओट्यावर फिरणारे हात दिसायचे.

एक-दोन वर्षांत मला एक गोष्ट दिसायला लागली. मंडळात कोणाला काहीही ठरवायचं असलं की तो माणूस त्या खिडकीपाशी जायचा. चेहरा दिसावा म्हणून कमरेत वाकायचा आणि शटरखालून विचारायचा. "काकू, ढोलताशावाल्यांना हो म्हणू का?" "काकू, त्या गायकाला परत बोलवायचं का?" आई हो किंवा नाही कधी म्हणायची नाही. "मला आपलं वाटतं, मागच्या वेळी लोक लवकर उठले होते," एवढंच म्हणायची. गायक बाद व्हायचा. अध्यक्ष म्हणून एक गृहस्थ होते. ते स्टेजवर शाल घ्यायचे आणि द्यायचे. तेही वाकायचे.

मला त्या शटरची चीड होती. माझ्या दृष्टीने ते सरळ होतं: नवरा मेला म्हणून एका बाईला वेगळं काढलंय, आणि ती आत राबतेय. मी हे आईला जेवताना म्हणायचे, गाडीत म्हणायचे. ती म्हणायची, "झालं तुझं? मीठ दे."

मग गेल्या वर्षी मंडळाने मला हळदीकुंकवाला बोलायला सांगितलं. विषय, इतिहासातली कर्तबगार स्त्री. त्यांना कोण अपेक्षित होतं हे उघड होतं, आणि म्हणूनच मी दुसरी कोणीतरी शोधत होते. पॅरामॅटाला माझं ऑफिस आहे. सुटल्यावर मी लायब्ररीत जायचे. तिथे चीनवरच्या पुस्तकांत ती सम्राज्ञी मला पुन्हा भेटली, आणि ती एक ओळ पुरेशी नव्हती हे पहिल्याच संध्याकाळी कळलं.

घरी आई पाक करत असायची आणि मी ओट्याला टेकून तिला वाचलेलं सांगायचे.

तिचं माहेरचं नाव नक्की कोणालाच माहीत नाही, मी सांगितलं. राजवाड्याच्या दप्तरात अमक्या कुळातली मुलगी एवढीच नोंद. सोळा-सतराव्या वर्षी सम्राटाच्या कितीतरी बायकांपैकी खालच्या दर्जाची एक म्हणून आत गेली. तिला मुलगा झाला, आणि सम्राटाचा जगलेला मुलगा तो एकच. परकी फौज राजधानीवर चालून आली तेव्हा सम्राट पळाला आणि दूरच्या शिकारवाड्यात मेला. मुलगा पाच वर्षांचा. मरताना सम्राटाने कारभार आठ पुरुषांच्या हाती दिला होता.

"आणि हिला?" आईने विचारलं.

"हिला काही नाही. मुलाची आई, एवढंच. पण तिने आणि थोरल्या राणीने मिळून दिराला हाताशी धरलं आणि त्या आठ जणांना काढलं. काहींना मारलं. मग पोरगा सिंहासनावर आणि मागे पिवळा रेशमी पडदा. पडद्यामागे या दोघी."

"पडदा कशाला?"

"बाईने परक्या पुरुषांना तोंड दाखवायचं नाही म्हणून. मंत्री पोराच्या पुढ्यात गुडघे टेकायचे आणि उत्तर पडद्यामागून यायचं."

आईने पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटाने दाबून बघितला. "बरं आहे की," ती म्हणाली. "चेहऱ्यावरून काही कळायचं नाही कोणाला."

मला ते आवडलं नाही. मी म्हटलं, आई, ती काही चांगली बाई नव्हती. मुलगा मोठा झाला, पडदा काढावा लागला, दोन वर्षांत तो देवी येऊन मेला. हिने लगेच बहिणीचा तीन-साडेतीन वर्षांचा मुलगा उचलून गादीवर बसवला आणि पडदा परत लावला. तो मोठा होऊन सुधारणा करायला निघाला तर त्याला तळ्यातल्या बेटावर कोंडलं, ते मरेपर्यंत. लोक उपाशी होते आणि ही बागेत संगमरवरी नाव बांधून बसली होती.

"नाव चालायची का?"

"दगडाची आहे. कशी चालेल?"

"मग बसायला बरी."

ती माझी मस्करी करत होती की तिला खरंच तसं वाटत होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. तीळ कढईत पडले आणि तिने हात चालवायला घेतला. तिळाच्या वड्या थापताना ती बोलत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी चाळीसच्या वर तापमान होतं. पुण्यात थंडी असते म्हणून संक्रांतीला काळं नेसतात. इथे जानेवारी म्हणजे रणरणता उन्हाळा, तरी सगळ्या काळ्याच साड्यांत होत्या आणि कार पार्कपासून दारापर्यंत येईतो भिजल्या होत्या. हॉलचा एसी कसाबसा चालत होता.

मी बोलले. बाबांच्या पत्रकातली ओळ आधी सांगितली आणि मग ती पुरी का नाही ते सांगितलं. ही बाई जुलमी होती, मी म्हटलं, मला तिचा पुतळा उभारायचा नाही. पण तिच्या आधीच्या जुलमी पुरुषांना कोणी लोभी म्हातारा म्हणत नाही. म्हातारपणी पुन्हा परकी फौज आली तेव्हा ती शेतकरणीचे निळे कपडे घालून खटाऱ्यातून पळाली, हे सांगितलं. परत येऊन तिने ज्या सुधारणांसाठी भाच्याला कोंडलं होतं त्यांतल्याच काही स्वतःच्या नावावर सुरू केल्या. मुलींचे पाय बांधू नका असा हुकूम काढला. भाचा मेला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती मेली. पुढे त्याच्या केसांत विष सापडलं. मरण्यापूर्वी तिने आणखी एक पोर, दोन-अडीच वर्षांचं, गादीवर बसवून ठेवलं होतं. आणि मग मी खिडकीकडे हात करून म्हटलं की पडदे चीनमध्येच असतात असं नाही, बाई दिसू नये अशी सोय आपणही केलेली आहे, या हॉलमध्ये, आत्ता.

टाळ्या वाजल्या. आमचे लोक टाळ्या छान वाजवतात. पॅरामॅटाला बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेली एक बाई पहिल्या रांगेतून उठली. मंडळात ती नवी होती, चाळिशीची, कामाला वाघ. तिने करंडा उचलला आणि ती तडक खिडकीपाशी गेली. मनापासून गेली, हे मला सांगितलंच पाहिजे.

"काकू, बाहेर या. आज मी तुम्हाला हळदीकुंकू लावणार."

"हात बरबटलेत गं," आई आतून म्हणाली.

"हाताला नाही लावायचं काकू, कपाळाला."

बायका हसल्या.

"मग मीच आत येते."

"नको, खाली ओलं आहे. साडी चांगली दिसतेय तुझी. हे घे, कॉफीचा ट्रे ने आधी, निवेल."

शटरखालून ट्रे पुढे आला. ती करंडा ओट्यावर ठेवून ट्रे घेऊन गेली. नंतर तो करंडा तिथेच होता. त्यावर कोणीतरी पेपर नॅपकिन ठेवले होते.

घरी जाताना गाडी मी चालवत होते. मी म्हटलं, "का नाही आलीस?"

"येऊन काय करू? कपाळ पुढे करू, डबी घेऊ, खुर्चीत बसू. त्यासाठी शंभर जणी होत्या तिथे."

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

"असेल. तुझे बाबापण असंच म्हणायचे, आणि मग चहा कोण टाकायचं?" ती खिडकीबाहेर बघत होती. "तू आज मला तिथून उठवलंस. समजतंय ना? आता पुढच्या वेळी त्या सगळ्या मला बाहेर काढतील. आदराने काढतील."

मार्चमध्ये मंडळाची निवडणूक होती. शालवाले गृहस्थ मेलबर्नला मुलाकडे राहायला चालले होते. बँकेतली बाई उभी राहणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिची योजनाही ठाऊक होती: हा कौन्सिलचा हॉल सोडायचा, मोठा बँक्वेट हॉल घ्यायचा, खाणं केटररकडे. बायकांनी सणाला राबू नये, असं तिचं म्हणणं. मी ते ऐकलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे वाक्य बाबांच्या पत्रकात शोभलं असतं.

त्या शनिवारी आम्ही पेंडल हिलला भाजी घेऊन गाडीत बसलो होतो. आईने मांडीवरची कढीपत्त्याची जुडी उगीच सारखी केली आणि म्हणाली, "अध्यक्षपदाला मी तुझं नाव दिलंय. लोक तयार आहेत."

"मला मंडळातलं काही कळत नाही आई."

"म्हणून तर."

मी तिच्याकडे बघितलं. ती हसत होती, पण पुरतं हसत नव्हती.

"म्हणजे मी ते तीन वर्षांचं पोर."

"साडेतीन म्हणाली होतीस."

"आई, मी मस्करी करत नाहीये. तुला मंडळ चालवायचंय ना? तू उभी राहा. मी घरोघरी जाते, पत्रकं वाटते. निवडून येशील."

"मी समोर बसले की लोक मतं मांडतील. हे बरोबर, ते चूक, काकूंचं वय झालं. मागे असले की विचारतात. मला विचारायला लोक येतात, एवढंच आहे गं माझ्याकडे. तुझे बाबा होते तेव्हा तेवढंसुद्धा नव्हतं. तेव्हा ते बोलायचे आणि मी पोहे करायचे." तिने सीटबेल्ट लावला. "दोन वर्षं बस नुसती. तुला काही करावं लागणार नाही."

त्या शेवटच्या वाक्याने मी चिडले. मी म्हटलं, मला नुसतं बसता येत नाही, मला तुम्ही तसं वाढवलेलं नाही. ती म्हणाली, "ह्यांनी वाढवलं. मी जेवायला घातलं."

सभेला पन्नासेक लोक होते. आई नेहमीप्रमाणे चहाला आत. मावळत्या अध्यक्षांनी माझं नाव वाचलं. मी उभी राहिले आणि म्हटलं की मी नाव मागे घेते. मंडळाचं काम इतकी वर्षं जी करते तिनेच खुर्चीत बसावं; मी माझ्या आईचं नाव सुचवते, आणि तिला विनंती करते की तिने इथे पुढे यावं.

सगळे खिडकीकडे वळले. ओट्यावर हात थांबलेले दिसत होते.

"मला नको," शटरखालून आवाज आला. "चहा झालाय, कप कमी आहेत, पहिले ज्येष्ठांनी घ्या."

बँकेतली बाई बिनविरोध निवडून आली.

मी नाही म्हटलं ते बरोबरच होतं. आजही तेच म्हणेन. दुसऱ्याच्या हातांनी खुर्ची चालवायची आणि नाव आपलं लावायचं, यात फसवणूक आहे, मग ती आईसाठी का असेना. आई मला त्यावरून कधीही बोलली नाही. गणपतीत मंडळाने केटरर ठेवला, तिला फोन आला नाही. दिवाळीच्या आधी एकदा तिने स्वतः फोन केला आणि चिवड्याचं विचारलं. पलीकडून गोड आवाजात सांगितलं गेलं, "काकू, तुम्ही फक्त यायचं. इतकी वर्षं केलंत, आता आराम." फोन ठेवून ती बागेत गेली आणि कढीपत्त्याला पाणी घालत राहिली. पाणी कुंडीतून वाहून विटांवर आलं तरी पाइप तिथेच होता.

मी तिला बाहेर न्यायचा प्रयत्न केला. लायब्ररीत नेलं, कौन्सिलचा वयस्करांचा चालण्याचा ग्रुप शोधला. ती गेली एकदा. "सगळ्या आपापल्या गुडघ्यांबद्दल बोलतात," म्हणाली. संध्याकाळी मी ट्रेनने उतरून घरी यायचे तेव्हा ती बहुतेक टीव्हीसमोर असायची, आवाज बंद करून. एकदा तिने विचारलं, "ती तुझी बाई मेल्यावर काय झालं?" मी सांगितलं की तीन वर्षांत राज्यच बुडालं. पुढे सैनिकांनी सुरुंग लावून तिचं थडगं फोडलं, अंगावरचं सोनं-मोती काढून नेलं. "बरोबर," आई म्हणाली, किराण्याचा हिशेब जुळला का विचारल्यावर म्हणते तशी.

यंदाचं हळदीकुंकू बँक्वेट हॉलमध्ये झालं. एसी उत्तम. गोल टेबलं, पांढरी कापडं, खुर्च्यांना मागे गाठी. दारातच नव्या अध्यक्षबाई करंडा घेऊन उभ्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला हळदीकुंकू लावत होत्या, नवरा आहे की नाही न बघता. गेल्या वर्षी मी स्टेजवरून जे मागितलं होतं ते इथे दारात, सगळ्यांना, कसलीही कुजबुज न होता मिळत होतं. आईला लावलं, फोटो काढला, वाकून नमस्कार केला. आई म्हणाली, "सुखी राहा." तिला स्टेजजवळच्या टेबलावर बसवलं. तिथे तिच्या नावाचं कार्ड होतं.

वाण तयार खोक्यांतून आलं. तिळगूळ केटररचा होता. आईने एक लाडू तोडला, अर्धा खाल्ला आणि बाकीचा बशीच्या कडेला ठेवला. पाक पुढे गेला होता, कडक झाला होता, मलाही कळलं. आजूबाजूच्या बायका स्टेजकडे बघत होत्या. दोन तासांत तिच्यापाशी येऊन कोणी काही विचारलं नाही. पाया पडायला मात्र बऱ्याच जणी आल्या.

जेवणाच्या वेळी आमच्या टेबलावर एक तरुण मुलगी येऊन बसली. दोन महिन्यांपूर्वीच पुण्याहून आली होती, नवऱ्याला आयटीत नोकरी. हसरी होती. आईला बघून तिला आपल्या माणसासारखं वाटलं असावं.

"काकू, तुम्ही व्हिजिटवर आलात का इंडियातून?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आईने माझ्या हातावर हात ठेवला.

"हो," ती म्हणाली.

"मुलीकडे?"

"हो. ही मुलगी."

"मस्त. किती दिवस आहात?"

आईने कपाळावरचं कुंकू नाकावर सांडलं होतं ते नॅपकिनने टिपलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ही म्हणेल तेवढे."